पलीकडच्या गल्लीतली उंच गाडी

"गुरुजी, पाह्यली काय जी तुम्ही?"

काकाजींची मान कुंपणावर उगवली तेव्हा माझा चहा अर्धाही झाला नव्हता. काय पाहिली, हे विचारायचं कारण नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या पोट्ट्यानं उंच मोटारसायकल आणून आठवडा होत आला होता. तेवढ्यात आमच्या मुर्री गावानं तिचा रंग, किंमत, हप्ता आणि पोट्ट्याच्या लग्नावर होणारा तिचा परिणाम, सगळं चघळून टाकलं होतं. राहिला होता एकच प्रश्न : घेतली कायले?

"हिमालयन म्हणते तो तिले," काकाजी म्हणाले. "हिमालय कुठी अन् आपण कुठी! आपल्या इथं चढ म्हणजे गोंदियाचा रेल्वेवरचा उड्डाणपूल."

अंगणात वडे वाळत घालणाऱ्या काकूंना एवढं पुरे होतं. "त्याच्या मायले इचारलं मी. कागदपत्र धरून तीन लाखाच्या वर गेली म्हणे. बापाच्या धानाचे चुकारे अजून बँकेत यायचे हायेत, अन् हा गाडीवर बसून फिरून राह्यला."

मी गाडी जवळून बघून आलो होतो आणि माझं मत फिरलं होतं. पण ते या दोघांपुढे एकदम मांडण्याइतका मी नवखा शेजारी नाही. म्हणून आधी विचारलं, "काकाजी, तुमची राजदूत आठवते का?"

काकाजींचा चेहरा बदलला. "कशी नाही आठवणार! दोन बाजूनं दुधाच्या कॅनी, मधात मी, मागं ढेपेचं पोतं. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून नेली जी मी ते. चिखलात फसली तं दोघांनी उचलली अन् चालले. तिले कोणी ॲडव्हेंचर नाही म्हटलं!"

बरोबरच आहे. पोलंडच्या आराखड्यावरून भारतात बनलेली १७३ सीसीची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजायची ती टू-स्ट्रोक गाडी पूर्व विदर्भातल्या किती घरांची दूधगाडी आणि वरातगाडी होती, हे नव्या पोरांना सांगूनही पटत नाही. मी फक्त एवढंच विचारलं, "तिच्यावर नागपूरला गेला होतात कधी?"

काकाजी थोडे गप्प झाले. "एकडाव. आल्यावर दोन दिवस हात थरथरत होते."

माझा मुद्दा तिथेच होता. पांदणीत चालणारी गाडी हायवेवर दमते, आणि हायवेवर पळणारी पांदणीत रुतते. आजवर आपण त्यातली एक निवडत आलो. ही मधल्या मापाची जात दोन्हीकडे चालते. पोट्टा सकाळी गोरेगावावरून कोहमाऱ्याला जातो, तिथे मुंबई-कोलकाता रस्त्याला लागून ट्रकांच्या रांगेत शंभरनं सुटतो, आणि दुपारी देवरीच्या पुढे चिचगडच्या बाजूला डांबर संपलं तरी गाडी बदलावी लागत नाही. चाळीस अश्वशक्तीचं, पाण्यानं थंड राहणारं, ४५२ सीसीचं इंजिन आहे तिला. कंपनीनं २०१६ मध्ये पहिली हिमालयन काढली ती ४११ सीसीची होती आणि हायवेवर जरा धापा टाकायची. २०२३ च्या नोव्हेंबरात ही नवी आली आणि ती तक्रार मिटली.

"पण मंग समोरचं चाक एवढं मोठं कायले?" काकाजींचं बारीक लक्ष होतं तर! समोर २१ इंची, मागे १७.

"काकाजी, बंडीचं चाक उंच कायले असते?"

"लहान चाक खड्ड्यात बसते, मोठं वरून जाते." एवढं बोलून काकाजी स्वतःच थबकले. बंडी हाकलेल्या माणसाला याहून जास्त समजवायला लागत नाही. वरून दोन्ही चाकांना २०० मिलिमीटरची उसळी आहे आणि पोटाखाली २३० मिलिमीटर मोकळी जागा. नाल्यातला गोटा इंजिनला लागत नाही तो त्यामुळे. मागच्या चाकाचं एबीएस बटणानं बंदही करता येतं. मुरमाच्या उतारावर ते चालू असलं की चाक पुन्हापुन्हा सुटतं आणि गाडी लवकर थांबत नाही. हे त्या पोट्ट्यानंच मला शिकवलं. दहावीला विज्ञानात काठावर पास झालेला पोरगा घर्षण एवढं स्वच्छ समजावतो, याचं मला गाडीपेक्षा जास्त नवल वाटलं.

काकू वड्यांवर फडकं टाकून कुंपणाशी आल्या. म्हणजे खरी बातमी आता येणार होती. "पडला म्हणे परवा. दरेकसाच्या वाटेनं."

"कुठी? हाजरा फॉलकडे?"

"तिकडंच. सालेकसाच्या पुढं कुठीतरी. लागलं नाही काही. घरी सांगितलं नाही, पण पँटचा गुडघा मायनंच शिवला ना."

आता वजनाचं बोलणं आलंच. गाडी १९६ किलोची, म्हणजे दोन क्विंटलला चार किलो कमी. ही जात पडतेच, ती पडण्यासाठीच बनवली आहे म्हटलं तरी चालेल. प्रश्न पडण्याचा नाही, उचलण्याचा. दरेकसाच्या रानात दुपारी कोण येतं मदतीला? बोगद्यातून हावड्याची गाडी धडधडत जाईल तेवढंच. पोट्ट्यानं गाडीकडे पाठ केली, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागचं कॅरियर धरलं, आणि कमरेवर जोर न देता पायांनी मागे रेटत ती उभी केली. एकट्यानं. याच जातीची मोठी बहीण, बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस, २३७ किलोची आहे. २०२४ मध्ये ती भारतात आली तेव्हाच शोरूमची किंमत २० लाख ९५ हजार होती. या प्रकारच्या गाड्यांची चाल त्याच कंपनीनं १९८० मध्ये आर ८० जी/एस काढून पाडली आणि पुढच्याच वर्षी पॅरिस-डकार शर्यत जिंकली, हे कौतुकाचंच. पण ती मोठी दरेकसाला आडवी झाली असती तर पोट्टा संध्याकाळपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिला असता, आणि आपटण्याआधी त्याला हप्ताच आठवला असता.

"अन् पंक्चर झाली तं?" काकाजी.

पोट्ट्याच्या गाडीची आऱ्यांची चाकं ट्यूबवाली आहेत. हायवेवर हा वैताग आहे, कारण टायर खोलल्याशिवाय काम होत नाही. पण ककोडीकडे सायकलवाल्या दुकानदारालाही ट्यूबला ठिगळ लावता येतं, हेही खरंच. आता बिनट्यूबची आऱ्यांची चाकंही मिळतात. ज्याला परवडतात त्यानं ती घ्यावीत.

मात्र एका गोष्टीवर आम्ही तिघं पोटभर हसलो. गाडी जंगलासाठी म्हणून घेतली. पहिल्याच रविवारी चोरखमाऱ्याच्या फाटकावर गेला. नागझिऱ्यात दुचाकीला प्रवेश नाही! व्याघ्र प्रकल्पात दोन चाकांवर बसलेला माणूस म्हणजे वाघाला ताटच. तीन लाखांची रानगाडी फाटकाबाहेर लावून साहेब जिप्सीत बसून आत गेले.

"मंग फिरते कुठी?" काकूंचा प्रश्न रास्त होता, आणि उत्तर जिल्हाभर पसरलेलं आहे. कोहळ्यांनी बांधलेल्या जुन्या तलावांच्या पाळी, नवेगावबांध, इटियाडोहचं धरण, प्रतापगड. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत गोंडी माणसं लांबलांबून येतात, त्या वाटा. गोंदिया जिल्हा नकाशावर सपाट दिसतो, पण पूर्वेला आणि दक्षिणेला जी रानं आहेत तिथे पावसाळ्यानंतर रस्त्याला रस्ता म्हणणं हा चांगुलपणा आहे. लडाखला जाणारे वर्षातून एकदा जातात. आपल्या इथे खड्डा घराच्या फाटकापासून सुरू होतो. ही गाडी इथल्यासाठीच आहे असं मला वाटतं ते त्यामुळे. हिमालयाचं नाव तिला चिकटलंय, बस.

तक्रारी आहेत. सीट ८२५ मिलिमीटर उंच, आणि पोट्टा पाच फूट पाच. गल्लीत वळवताना डावा पाय नेहमी त्या एकाच ओट्यावर टेकवतो, आणि तो ओटा काकाजींचा आहे. काकाजी यावर अजून बोललेले नाहीत, पण बोलणार आहेत. उन्हाळ्यात इंजिनची झळ मांडीला लागते. आणि सगळ्यात मोठी तक्रार सरकारी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याच्या वरच्यांवर तो सेससकट ३१ होता तो सरळ ४० झाला. पोट्ट्यानं घेतली ती या बदलानंतर.

"म्हणजे शंभर सीसीसाठी एवढा दंड?" काकाजींना हिशेब लगेच कळला. "अन् खालची घेतली असती तं?"

खालीही आता बऱ्याच आहेत. टीव्हीएसची अपाची आरटीएक्स ३०० ऑक्टोबर २०२५ मध्ये १ लाख ९९ हजारांपासून आली. हीरोची एक्सपल्स २१० आहे, तिचंही समोरचं चाक २१ इंचीच. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएममध्येही २५० सीसीची मिळते. नागपूरपर्यंत सगळ्या सहज जातात.

"गुरुजी," काकू एकदम म्हणाल्या, "तुमाले एवढं कसं माहीत? तुमीही घेऊन राह्यले काय?"

घरातून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. मी विषय तिथेच आवरला.

तरी विचारलंच कुणी तर माझं मत पक्कं आहे : गोंदियाच्या बाजूला राहणाऱ्याला मधल्या मापाची उंच गाडी शोभते आणि लागतेही, पण ३५० सीसीच्या आतलीच घ्यावी. शोरूममध्ये नुसती बसून पाहू नका. तिथे आडवी करू देणार नाहीत, म्हणून ओळखीतल्या कुणाची अर्धा तास मागून घ्या, मऊ जागी हळूच झोपवा आणि एकट्यानं उचलून बघा. उभी झाली तरच पैसे मोजा.