हलला!

‘हलला!’ अशी आरोळी रविवारी सकाळी पार्किंगमधून आली, तरी आमच्या सोसायटीत कुणी खिडकीशी येत नाही. काहीही हललेलं नसतं. फार तर गाडी हललेली असते, नाहीतर तिच्याखाली सरकवलेली वीट. बी विंगचे काका मात्र रिंग पाना उंचावून उभे असतात, आणि त्या क्षणी जो कुणी दूध घेऊन शेजारून जात असेल तो सापडला. ‘‘ए, इकडे ये. टॉर्च धर जरा.’’

या खेपेला काकांच्या सीडी-१०० चा चिमट्याचा बोल्ट जाम होता. ही हिरो होंडा १९८५ साली आली, तेव्हा जाहिरात सांगायची की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. देशाने ऐकलं. काकांनी पेट्रोल भरलं, झाकण लावलं, पण विसरणं त्यांना जमेना. त्या गाडीचं जे जे म्हणून सुटं होतं ते त्यांनी रविवारी काढून, पुसून, परत बसवलं. हा एकच बोल्ट कधी काढायची वेळ आली नाही, आणि तो आतल्या आत गंजून बसला.

मागचं चाक ज्या दोन लोखंडी हातांत असतं तो चिमटा. त्याच्या मुळाशी फ्रेममधून आरपार एक लांब बोल्ट जातो. तो रबरी बुशमध्ये असतो आणि बुशच्या पोटात लोखंडी नळी असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, म्हणून नळी आणि बोल्ट यांच्यातली केसाएवढी फट भरून तो दोघांना एकजीव करतो. पाना लावून जोर केला की बोल्ट खरंच फिरतो, पण नळीसकट. रबर पीळ खातं आणि पाना सोडला की बोल्टला आणून जागच्या जागी ठेवतं. म्हणजे काका अगदीच खोटं बोलत नव्हते. हलत होता. फक्त परत येत होता.

हे सिद्ध करायला त्यांनी काकूंची नेलपॉलिश आणली आणि बोल्टच्या डोक्यावरून थेट फ्रेमपर्यंत एक लालभडक रेघ ओढली. पाना दाबला की रेघ तुटायची. ‘‘हलला!’’ पाना सोडला की रेघ सांधायची. वरून काकू विचारायच्या, ‘‘रेघ काय म्हणते?’’ काका उत्तर द्यायचे नाहीत. बाटली तळाला गेल्याचं काकूंना एका मुंजीला निघताना कळलं. त्यानंतर रेघा पांढऱ्या ऑइलपेंटच्या झाल्या.

उपाय सगळे झाले. रात्रभर डिझेल झालं. डब्ल्यूडी-४० झालं; त्याबरोबर व्याख्यानही झालं, की हे १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला क्षेपणास्त्राला गंज चढू नये म्हणून बनवलं आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं. ‘‘आपला कितवा?’’ एवढं विचारून ते पुन्हा वाकले. जुन्या बाजारातून आणलेला पाइप पान्याला जोडला, तेव्हा बोल्ट राहिला जागेवर आणि अख्खी गाडी स्टँडवरून उतरली. ‘‘हलला!’’ मग गॅसची ज्योत लावली. रबर जळल्याचा वास तिसऱ्या मजल्यावर पोचला आणि चेअरमन धावत खाली आले. त्यांनाही टॉर्च धरायला मिळाला.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातला पोऱ्या एकदा उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘‘काका, ग्राइंडर मारू? दहा मिनिटांत कापून काढतो. बोल्ट काय, नाना पेठेत मिळेल.’’

काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘कापून कुणीही काढेल.’’

इथे मला त्यांचं थोडंसं पटलं, आणि त्याचा मला अजून राग आहे. कारण आमच्या आईचं शिलाई मशीन जाम झालं होतं, दुकानदाराने ‘नवीन घ्या’ म्हणून हात झटकले होते, तेव्हा ते भंगारात जाण्याआधी काकांनी उचलून नेलं. दोन दिवस तेल पाजत बसले. एकही स्क्रू न दुखावता चाक मोकळं करून आणून दिलं. पैसे घेतले नाहीत. टॉर्च मात्र दोन्ही संध्याकाळी मीच धरला.

मग एका रविवारी आरोळी आलीच नाही. म्हणून मी खाली गेलो. काका पाटावर बसले होते, हातात तो बोल्ट. मध्यभागी तांबूस, खडबडीत. दोन्ही टोकं लखलखीत. डोक्यावर अर्धी पांढरी रेघ, उरलेली फ्रेमवर. नट दोन आटे आत ठेवायचा म्हणजे बोल्टचं तोंड फुटत नाही, त्यावर पितळेचा दांडा धरायचा आणि हलके ठोके घालायचे, पुन्हा तेल, पुन्हा ठोके. असा निघाला. आटे शाबूत होते.

‘‘निघाला,’’ काका म्हणाले. उद्गारचिन्ह नव्हतं.

‘‘काकूंना सांगितलंत?’’

‘‘जेवायला बोलावेल तेव्हा सांगेन.’’

नवे बुश ठोकून झाले. ग्रीस चोपडून नवा बोल्ट पाच मिनिटांत बसला. बसल्यावर काकांनी तो उगाचच एकदा सैल करून पुन्हा आवळला. हत्यारं पुसली. दहा-अकराचा पाना हरवलेला नव्हता, त्यामुळे शोधायलाही काही उरलं नव्हतं. अकरासुद्धा वाजले नव्हते. पार्किंगमध्ये नजर फिरत फिरत माझ्या स्कूटरवर येऊन थांबली.

‘‘सायलेन्सरचे नट कधी उघडले होतेस रे?’’

‘‘कधीच नाही, काका.’’

‘‘कधीच नाही?’’ ते उठलेच. ‘‘चार पावसाळे तरी झाले असतील!’’

मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि वर येऊन सोमवारच्या बसची वेळ बघितली.