सफारी : व्युत्पत्ती, खर्च आणि एक अभ्रा

नैरोबी,
रविवार, कुकर लावल्यानंतर

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेने अरबी ‘सफर’वरून घेतला असून त्याचा मूळ अर्थ केवळ ‘प्रवास’ असा आहे. त्यामुळे सांगलीहून मिरजेला सिटी बसने निघालेल्या माणसालाही पूर्व आफ्रिकेत ‘सफारी न्जेमा’, म्हणजे सुखाचा प्रवास, असेच म्हटले जाईल. मराठीत मात्र या शब्दाला अर्ध्या बाह्या, चार खिसे आणि शाखाधिकाऱ्याचा रुबाब असा निराळाच अर्थ प्राप्त झाला असून, बाबांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या पहाऱ्यात असलेली गडद निळी सफारी हे त्याचे उपलब्ध उदाहरणांतील सर्वोत्तम उदाहरण होय. केनियात आल्यावर तीच घालून सिंह पाहण्याचा मनोदय बाबांनी बुधवारच्या फोनवर जाहीर केला. परंतु गडद निळा आणि काळा हे रंग त्सेत्से नावाच्या, कपड्यावरूनही कडकडून चावणाऱ्या माशीला फार आवडतात, इतके की तिला पकडण्याचे सापळेसुद्धा निळ्या कापडाचेच करतात, हे ध्यानात घेता सदर सफारी सफारीस नेण्यास अयोग्य ठरते.

बुधवारचा तो फोन मुळात आईच्या काळजीपोटी आला होता आणि काळजीचे कारण मोबाईलवर फिरणारी, गाडीच्या टपावर चढून बसलेल्या चित्त्याची चित्रफीत हे होते. चित्ता उंचवट्यावरून सावज हेरतो व उंचवटा नसेल तर गाडीच्या टपावरही भागवतो, ही गोष्ट खरी आहे; मात्र आत, आईबाबांसोबत येणार असलेली बेबीआत्या बसलेली असताना आणि ती बोलत असताना कोणता चित्ता टपावर दोन मिनिटेही टिकेल, याविषयी जावईबापूंनी रास्त शंका व्यक्त केली आहे. (ही शंका बेबीआत्यास वाचून दाखवू नये.)

आता खर्चाकडे वळणे भाग आहे. मसाई मारा हे सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र नारोक काउंटीच्या, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक शासनाच्या, ताब्यात असून २०२४ पासून तेथे परदेशी प्रौढास जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते. याचा अर्थ असा की ३० जूनच्या संध्याकाळी जो सिंह शंभर डॉलरचा असतो, तोच सिंह, त्याच झुडपाखाली, तीच कूस न बदलता, १ जुलैच्या सकाळी दोनशे डॉलरचा होतो. येथील रहिवाशांना दर बराच कमी पडत असल्याने प्रस्तुत पत्रलेखिकेच्या कुटुंबाचे निभावेल. परंतु आई, बाबा आणि बेबीआत्या या तिघांचे दोन दिवसांचे केवळ प्रवेशाचे पैसे जूनमध्ये ६०० आणि जुलैमध्ये १,२०० डॉलर, म्हणजे लाखभर रुपये, होतात. आणि यात गाडी नाही, तंबू नाही, चहासुद्धा नाही. ताडोबाच्या जिप्सीचे दर ऐकून बापूकाका वनखात्याला नावे ठेवीत असत. त्यांना हा परिच्छेद बसवून, पाणी देऊन मग वाचून दाखवावा.

दरापेक्षाही अधिक जाच ‘दिवस’ या संज्ञेच्या व्याख्येचा आहे. या तिकिटापुरता दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा बारा तासांचाच असतो आणि जे पर्यटक राखीव क्षेत्राच्या आत मुक्काम करतात, त्यांनी शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत फाटकाबाहेर पडले नाही तर त्यांच्यावर आणखी एका दिवसाचे तिकीट पडते. आता बाबांचा दिनक्रम पाहता, साडेसहाला पहिला चहा, मग वर्तमानपत्र, मग दुसरा चहा, मग दाढी, स्नान, संध्या, अथर्वशीर्ष आणि त्यानंतर ‘चष्मा कुठे ठेवला’ हा सार्वजनिक कार्यक्रम, असा क्रम गेली चाळीस वर्षे अबाधित असून त्यात दहाच्या आत घराच्या फाटकाबाहेर पडल्याचीही नोंद सापडत नाही. तेव्हा जुलैच्या दराने अथर्वशीर्षाचे दर आवर्तन सुमारे सतरा हजार रुपयांना पडेल, असा हिशेब जावईबापूंनी मांडला आहे. मुक्काम फाटकाबाहेर करावा, हा त्यावरील उपाय सध्या विचाराधीन आहे.

स्वस्ताईच्या जूनला एक उणीव आहे, ती अशी की सेरेंगेटीतून येणारे विल्डबीस्टचे कळप साधारणपणे जुलैपासून मारा नदीवर पोहोचतात. विल्डबीस्ट म्हणजे गाईचे अंग, म्हशीची शिंगे आणि बोकडाची दाढी असलेले, एकूणच उरल्यासुरल्या सामानातून शिवल्यासारखे दिसणारे हरिणकुळातील जनावर. ते नदी ओलांडताना मगरी टपून असतात आणि ते पाहण्यासाठी जग लोटते. यावर ‘म्हशी कृष्णा ओलांडतात, मगरी कृष्णेतही आहेत, सांगलीच्या आयर्विन पुलावरून सगळे दिसते आणि तिकीट नाही’ असा जो अभिप्राय बाबांनी दिला, तो निरुत्तर करणारा असल्याने जून महिना निश्चित करण्यात आला आहे.

(येथे कुकरची पाचवी शिट्टी झाली. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्याने उघड्या पातेल्यातले पाणी चौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते आणि कुकरमध्येही डाळ लवकर दाद देत नाही. सबब ‘तीन शिट्ट्या पुरे’ हा आईचा नियम या शहरात लागू पडत नाही. सहावी होऊन जाऊ द्यावी.)

घरच्या वार्तांविषयी. बापूकाकांनी कुंपणाच्या भिंतीवरून शेजाऱ्यांशी बोलणे टाकले, हे समजले. परंतु ती भिंत शेजाऱ्यांच्या हद्दीत नऊ इंच आहे हे बापूकाकांनीच २०१९ च्या पुरानंतर सर्वांसमक्ष मान्य केले होते, याची त्यांना कुणीतरी आठवण करून द्यावी. धाकट्या वहिनींनी देवघराला पिस्ता रंग दिला, यात रुसण्याजोगे काही आढळत नाही. पूर्वीचा रंग कोणता होता, हे आईलाही सांगता आलेले नाही. नानीच्या गुडघ्याचे काय झाले, ते मात्र एकाही फोनवर कुणीच सांगितले नाही, आणि जे सांगितले जात नाही त्याचीच काळजी दुरून अधिक वाटते, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

आईने पाठवलेले पार्सल पोहोचले, त्याचा वृत्तांत असा. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्या तयार करणे, विकणे व वापरणे यांवर बंदी असून शिक्षा वीस ते चाळीस लाख शिलिंग दंड, म्हणजे वरच्या टोकाला पंचवीस लाख रुपयांहून अधिक, किंवा एक ते चार वर्षे कैद अशी आहे. आईच्या स्वयंपाकघरातील दाराआडची ‘पिशव्यांची पिशवी’, म्हणजे जिच्यात घडी घातलेल्या पिशव्या, त्यांच्यात आणखी पिशव्या आणि सर्वांत आत रबरबँडांचा गुंता असतो ती, या कायद्याच्या दृष्टीने जन्मठेपेचे प्रकरण ठरली असती. पार्सल आणणाऱ्या सद्गृहस्थांना विमानतळावर पिशव्या तेथेच ठेवण्यास सांगण्यात आले; मेतकूट त्यांच्या डब्यात गेले, सांडगे बुटांच्या खोक्यात गेले आणि भडंगासाठी दुसरे काहीच न उरल्याने आईने हळदीची पुडी गुंडाळायला वापरलेला जुना फुलाफुलांचा अभ्रा कामी आला. नैरोबीत भडंग उशीच्या आकारात पोहोचले. धाकट्या चिरंजीवांनी त्यावर डोके ठेवून पाहिले व कुरकुरते, असा निष्कर्ष काढला.

याच अनुषंगाने सांगायचे तर अभयारण्ये व समुद्रकिनारे येथे ५ जून २०२० पासून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांनाही मनाई आहे. म्हणून बाबांचा फिरकीचा तांब्या, ज्याची आजवर सर्वांनी थट्टा केली, तो अवश्य आणावा.

सागरकिनाऱ्याचा भाग थोडक्यात आटोपता येईल. नैरोबी ते मोंबासा सुमारे पावणेपाचशे किलोमीटर रेल्वेने, तेथून फेरीबोटीने खाडी ओलांडून दक्षिणेस डियानी, असा मार्ग आहे. डियानीची वाळू पिठीसाखरेसारखी पांढरी असून किनाऱ्यावर उंट फिरतात आणि झाडांवरची माकडे न्याहारीच्या ताटातून पोळी उचलतात. कुरडयांचा डबा उघडा ठेवू नये. बेबीआत्याने नऊवारीत समुद्रस्नान करण्यास हरकत नाही. बाबांना मात्र किनाऱ्यापेक्षा रूळ महत्त्वाचे वाटतील, याची मिरज जंक्शनवर हयात गेलेल्या माणसाबाबत खात्री आहे. मोंबासाहून १८९६ मध्ये बांधायला घेतलेली जुनी रेल्वे मीटरगेज होती, म्हणजे जुन्या मिरजेसारखीच, आणि ती हिंदुस्थानातून आणलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांनी घातली. १८९८ मध्ये त्साव्हो येथे पुलाचे काम चालू असताना दोन सिंहांनी त्या मजुरांना कित्येक महिने तंबूंतून ओढून नेले. नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात एक डबा आहे, ज्यात १९०० साली एक इंग्रज पोलीस अधिकारी नरभक्षक सिंहाच्या पाळतीवर बसला, त्याला डुलकी लागली आणि सिंहाने त्यालाच नेले. दुपारी जेवणानंतर ‘नुसता पडतो’ म्हणणाऱ्यांनी हा डबा पाहण्यासारखा आहे.

राहता राहिली लस. भारतातून थेट येणाऱ्यांना केनिया पिवळ्या तापाची लस मागत नाही. परतताना भारत मात्र तिचा दाखला मागतो, आणि तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतो. टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरला जातो आणि लस ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते. शिवाय साठीपुढील माणसांना ती द्यावी की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. म्हणून चौकशी या आठवड्यातच करावी, ‘बघू’ म्हणू नये. गेल्या वर्षीही ‘बघू’च म्हटले होते.

नानीच्या गुडघ्याविषयी सविस्तर लिहावे. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. अभ्र्याची जोडी मोडली, अशी आईची तक्रार कानावर आली. सदर अभ्रा धुण्यात टाकलेला नाही. त्याला अजून लसणीचा आणि कपाटातील डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, आणि तो सध्या पत्रलेखिकेच्याच उशीला घातलेला आहे. तो कुणाबरोबरही परत पाठवला जाणार नाही. हवा असल्यास ३० जूनपूर्वी समक्ष येऊन न्यावा.