जाता जाता लेह : परदेशगमनपूर्व कार्यालयीन विमानप्रवासाची पद्धती

परदेशी दीर्घ मुक्कामास निघालेल्या मनुष्याकडे निघण्याच्या ऐन पंधरवड्यात एखादे दूरचे काम चालत येते, ही गोष्ट मराठी कार्यालयीन जीवनात इतकी नित्याची आहे की तिच्यासाठी भाषेने ‘जाता जाता’ हा प्रयोग राखून ठेवला आहे. ‘जाता जाता तेवढं लेहचं उरकून टाका’ या वाक्यातील पहिले ‘जाता’ अमेरिकेस व दुसरे लेहला उद्देशून असते, आणि ही दोन ठिकाणे एकाच वाटेवर नाहीत हे वरिष्ठांच्या नजरेस आणून देणे शिष्टसंमत मानले जात नाही. प्रस्तुत विवेचनासाठी नमुना म्हणून पुण्यातील एक सनदी लेखापाल घेतला आहे, ज्यास एप्रिलमध्ये बँकेच्या लेह शाखेचे तीन दिवसांचे लेखापरीक्षण करून लगेच मुलीकडे न्यू जर्सीस सहा महिन्यांसाठी जावयाचे आहे.

प्रथम लेहला सरसकट लावल्या जाणाऱ्या ‘दुर्गम’ या संज्ञेचा अर्थ निश्चित केला पाहिजे, कारण दिल्लीहून लेह विमानाने अवघ्या सव्वा-दीड तासावर आहे आणि शनिवारी सकाळी पुण्याहून लोणावळा गाठण्यास कित्येकदा याहून अधिक वेळ लागतो. तेव्हा दुर्गमता अंतरावर मोजावयाची नसून परतीच्या वाटा किती आहेत यावर मोजावयाची असते. लेहहून श्रीनगर आणि मनाली या दोन्ही दिशांचे रस्ते चारशे किलोमीटरहून लांब असून उंच खिंडींतून जातात, आणि त्या खिंडी बर्फाखालून केव्हा मोकळ्या होतील हे बर्फ ठरविते, लेखापालाचे तिकीट नव्हे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन येथे पहिल्यांदा डाकोटा विमान उतरविले, त्या घटनेचे वर्णन सर्वत्र ‘लेहला पोहोचले’ असे आढळते. मार्गदर्शनपर साहित्यात पोहोचण्यास असेच नेहमी झुकते माप मिळत आले आहे.

आता मूळ सिद्धान्ताकडे वळता येईल. लेहच्या कामाचा हिशेब दिवसांत न करता सकाळींत करावा. सुमारे ३,२५० मीटर उंचीवरील या विमानतळावर हवा मुळातच विरळ असते, ऊन चढले की ती आणखी विरळ होते, आणि विरळ हवेत पंखांना उचल व इंजिनाला जोर कमी मिळतो. त्यातच दुपारी सिंधूच्या खोऱ्यात वारे सुटतात आणि तिन्हीकडे डोंगर उभे असल्याने वैमानिकास समोरचे स्वच्छ दिसणे आवश्यक असते, म्हणून बहुतेक विमाने सकाळीच येऊन सकाळीच परततात. सकाळी ढग उतरले तर विमान दिल्लीहून निघत नाही, किंवा निघून, लेहवर एक-दोन घिरट्या घालून, आतील सर्वांना डोंगरांचे दर्शन घडवून माघारी जाते. २०२४ च्या जुलैअखेरीस तर लेहमधील उकाड्यामुळेच उड्डाणे रद्द करावी लागली होती, त्यामुळे थंडीत बर्फ आणि उन्हाळ्यात ऊन अशी कारणांची सोय बारमाही आहे. विमानतळास ज्यांचे नाव दिले आहे ते कुशोक बकुला रिनपोछे १९९० ते २००० अशी दहा वर्षे मंगोलियात भारताचे राजदूत होते, म्हणजे लेहचा मनुष्य दीर्घ परदेशवासास जाऊ शकतो याचा भक्कम दाखला उपलब्ध आहे. मात्र ते निघण्यापूर्वी आदल्या आठवड्यात कोणाच्या शाखेची तपासणी करीत नव्हते.

वरिष्ठांच्या गणितात तीन दिवसांचे काम म्हणजे तीन दिवस. सकाळींच्या गणितात पोहोचल्यावर विश्रांतीच्या दोन सकाळी, कामाच्या तीन आणि न उडालेल्या विमानांसाठी राखीव अशा किमान तीन धराव्यात, आणि या राखीव सकाळींना रजेच्या अर्जात ‘आकस्मिक’ न म्हणता ‘अपेक्षित’ म्हणावे. विश्रांतीवर काट मारण्याचा मोह अनेकांस होतो, परंतु लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. याचा प्रत्यय बॅग उघडताच येतो, कारण पुण्याहून नेलेले बाकरवडीचे पाकीट उशीसारखे टम्म फुगलेले असते व पहिली बाकरवडी हाती येण्याआधी पाकीट फुस्स करून बोलते. पाणी तेथे सुमारे ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे चहास उकळी लवकर येते पण तो पुण्यातल्यासारखा कडक होत नाही, आणि शाखाधिकाऱ्याने प्रेमाने पुढे केलेल्या तिसऱ्या कपापर्यंत लेखापालास डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश सुरू झालेला असतो. ही लक्षणे उंचीच्या आजाराची म्हणजे शरीरास विरळ हवेची सवय होण्याआधी होणाऱ्या त्रासाची आहेत; ती परदेशप्रवासाच्या काळजीची समजून दुर्लक्षू नयेत, आणि बसल्याजागी धाप लागल्यास थट्टा बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

दूरध्वनीविषयी थोडक्यात सांगायचे तर महाराष्ट्रातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. परकीय चलनाच्या कार्डासाठी बँकेकडून येणारा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरावयाचा परवलीचा आकडा, त्यामुळे हवेतच राहतो आणि लेखापाल बँकेत बसून बँकेशी संपर्क साधू शकत नाही.

सर्वांत सूक्ष्म विचार सामानाचा करावा लागतो. अमेरिकेस जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांस प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात, आणि मेतकूट, गोडा मसाला, कैरीचे लोणचे व मुलीने ऐनवेळी सांगितलेली पुरणयंत्राची जाळी यांसह त्या लेहला निघण्यापूर्वीच भराव्यात, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. घरी वजन करण्याची रूढ पद्धत अशी की, प्रथम रिकाम्या हाताने व नंतर बॅग कवेत घेऊन काट्यावर उभे राहावे आणि वजाबाकी करावी. लेहमध्ये भूक मंदावून मनुष्य किलो-दोन किलोने उतरू शकतो हे विसरून परतल्यावर जुन्याच आकड्यातून वजाबाकी केल्यास बॅग प्रत्यक्षाहून हलकी भरते, आणि ही चूक मुंबई विमानतळावर रांगेतील सर्वांसमक्ष लोणच्याची बरणी बाहेर काढून दुरुस्त करावी लागते. पारपत्र लेहला नेऊ नये, तेथे आधार कार्ड पुरते. तसेच लेह–दिल्ली–पुणे आणि मुंबई–न्यूयॉर्क ही तिकिटे वेगवेगळ्या पीएनआरवर, म्हणजे आरक्षणाच्या वेगवेगळ्या नोंदींवर असतील, तर पहिले विमान रद्द झाल्याची जबाबदारी दुसऱ्या कंपनीवर येत नाही. उलट जाण्याच्या विमानास मनुष्य हजर नसल्यास त्याच तिकिटातील सहा महिन्यांनंतरचा परतीचा टप्पाही सहसा रद्द होतो, म्हणजे जो गेलाच नाही त्याचे येणेही व्यवस्था तत्परतेने काढून टाकते.

अशा वेळी आठव्या सकाळी लेहला ढगाखाली बसलेल्या लेखापालाच्या वतीने घरच्या मंडळींनाच बॅगा बोरघाटातील कोंडीतून मुंबईस न्याव्या लागतात व तो दिल्लीहून परस्पर तेथे गाठेल अशी आशा करावी लागते. हे सर्व ध्यानात घेता, कोणी कितीही ‘जाता जाता’ म्हटले तरी बॅगांच्या कुलपांच्या किल्ल्या खिशात घालून लेहला जाऊ नये. त्या घरी, दिसतील अशा खुंटीवर ठेवून जावे.