शेवटच्या बाकाचं पॅकेज

सीईटीचा निकाल लागला की पुण्यातल्या चौकांत वाढदिवसाचे दादा आणि भाऊ जरा बाजूला सरकतात. त्यांच्या शेजारी टाय लावलेली, हाताची घडी घातलेली पोरं उगवतात. मागे काचेची इमारत, वर '१०० टक्के प्लेसमेंट', मधोमध त्याहून मोठ्या अक्षरांत 'हायेस्ट पॅकेज', आणि तळाला तीस-चाळीस कंपन्यांचे लोगो, लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनीत'सारखे दाटीवाटीने. त्यातल्या किती कंपन्यांनी पोरं उचलली आणि किती नुसतं गेस्ट लेक्चर देऊन, शाल-श्रीफळ घेऊन गेल्या, हे फ्लेक्सवर मावत नाही.

एमबीए कुठून करायचं, हे महाराष्ट्रात अजूनही बऱ्यापैकी या फ्लेक्सवरच ठरतं. उरलेलं ठरतं समुपदेशकाच्या एसी केबिनमध्ये.

"काका, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. दोनच सीट उरल्यात."

जूनमध्ये दोन, जुलैत दोन, ऑगस्टमध्येही दोनच. 'आज पंचवीस हजार टोकन भरा, सीट ब्लॉक करतो,' असं ऐकलं की काका खिशातून फोन काढतात. एआयसीटीईचा नियम त्यांना कुणी सांगत नाही. प्रवेशाच्या अंतिम तारखेआधी नाव काढलं तर संस्थेने जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकीचे परत करायचे असतात आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची नसतात. राज्यातल्या विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीरही होते. पण काका ती पाहत नाहीत. कारण त्यांच्यासमोर चकचकीत माहितीपुस्तिका आहे, आणि तिच्या शेवटच्या पानावर जलतरण तलाव आहे.

आता त्या पॅकेजकडे वळू. वर्गात दहा मुलं आहेत असं धरा. एकाला १ कोटीची नोकरी लागली, नऊ जणांना ५ लाखांची. सरासरी निघते साडेचौदा लाख! वर्गात साडेचौदा लाख कमावणारा एकही प्राणी नाही, तरी आकडा शंभर नंबरी खरा. कोर्टात जा, संस्था जिंकेल. हीच दहा मुलं पगाराच्या क्रमाने उभी करून मधल्याला विचारलं, तर तो 'पाच' म्हणतो. म्हणून फ्लेक्सवर मधला नसतो, शेवटचा तर नसतोच.

'१०० टक्के'ची गंमत याहून बारीक. शंभर टक्के कुणाचे? जे 'पात्र' ठरले आणि ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांचे. हजेरी कमी, एखादा विषय राहिला, 'घरचा धंदा बघणार' असं लिहून दिलं, की माणूस हिशेबातून बाद. भागाकारात खालचा आकडा लहान करत गेलं की उत्तर आपोआप वाढतं. हे संस्थांना पक्कं कळतं. म्हणजे गणित शिकवतात उत्तम, तक्रार नाही.

हे सगळं टाळता येतं, आणि तेही आपल्याच देशात. प्लेसमेंटचे आकडे कसे मांडावेत याचे ठरीव निकष अहमदाबादच्या आयआयएमने पुढाकार घेऊन तयार केले. निश्चित पगार वेगळा, कामगिरीवर अवलंबून असलेला वेगळा, सर्वांत कमी किती, मधला किती, किती जण प्लेसमेंटला बसलेच नाहीत, सगळं लेखापरीक्षण करून छापायचं. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं सर्वांत कमी, त्यांनीच सर्वांत जास्त उघड केलं. बाकीच्यांनी फ्लेक्स छापले.

इमारतीला भुलणाऱ्यांनी एकदा चर्चगेटला उतरून जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट पाहून यावी. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू केलेली ही संस्था. तिथे ना डोंगर ना तळं, ना ड्रोनने चित्रीकरण करावं असं काही. तरी सीईटीत नव्याण्णव पर्सेंटाइलच्या पुढे दशांशासाठी मारामारी होते ती त्या साध्या इमारतीतल्या खुर्चीसाठी. उलट दिल्लीची आयआयपीएम आठवा. आयआयएमच्या पलीकडचं बघा, असं सांगत वर्तमानपत्रांची पानंच्या पानं अडवून जाहिराती चालायच्या. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना आपल्या अभ्यासक्रमांसाठी एमबीए, बीबीए हे शब्द वापरायलाच मनाई केली. फी भरलेल्या पोरांना मार्केटिंगची सर्वांत चांगली केस स्टडी मिळाली, पण ती त्यांच्याच खर्चाने.

काकांचा पुढचा हुकमी सवाल असतो, "डिग्री आहे ना? डिप्लोमा नको." लग्नाच्या बायोडेटात 'बीई, एमबीए (पुणे)' कसं भारदस्त दिसतं! काकांना सांगावं, की १९६१मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबाद आणि कोलकात्याच्या आयआयएम पन्नासहून जास्त वर्षं डिप्लोमाच देत होत्या. पदवी देण्याचा अधिकार त्यांना आयआयएम कायद्याने मिळाला, जो ३१ जानेवारी २०१८ला अमलात आला. तोवर देशातल्या सर्वांत महागड्या नोकऱ्या काकांना नको असलेल्या कागदावर मिळत होत्या. पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरी करायची असेल, तर समकक्षता आधी तपासा. नसेल, तर कागदाचं नाव सोडा आणि एआयसीटीईची मान्यता आहे का ते पाहा.

राहता राहिलं कर्ज. १५ लाख, साडेदहा टक्के, सात वर्षं, तर महिन्याचा हप्ता २५ हजारांच्या वर. त्यात शिकत असताना चढलेलं व्याज धरलेलं नाही. इकडे ५ लाखांच्या 'सीटीसी'तून पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कधीच न मिळणारा 'व्हेरिएबल' वजा केला की हातात पस्तीस-अडतीस हजार. हप्ता गेल्यावर उरलेल्या बारा हजारांत हिंजवडीत खोली, डबा आणि टायची ड्रायक्लीनिंग बसवून दाखवणं, हीच खरी व्यवस्थापनाची परीक्षा. बाप भविष्य निर्वाह निधीतून मदत करतो. यालाच फ्लेक्सवर 'आरओआय' म्हणतात.

मग जायचंच नाही का? जा ना. नागपुरात २०१५पासून आयआयएम आहे. १९६३ची पवईची नीटी २०२३पासून आयआयएम मुंबई झाली आहे. पुणे विद्यापीठाची पुम्बा १९७१पासून आहे. घराजवळ चांगल्या जागा आहेत, दूरही आहेत. त्या मिळत नसतील तर दोन वर्षं नोकरी करा, विक्रीच्या टार्गेटसाठी उन्हातान्हात फिरा, आणि पुन्हा कॅटला बसा. पदवीचा निकाल हातात पडल्या दिवशीच एमबीएला पळणाऱ्या निम्म्या पोरांना व्यवस्थापन शिकायचं नसतं. 'सध्या काय करतोस?' या मावशीच्या प्रश्नाला दोन वर्षांचं उत्तर हवं असतं. पंधरा लाखांना हे उत्तर फार महाग पडतं.

आणि केबिनमध्ये बसायचीच वेळ आली, तर तलाव, टाय आणि टॉपर यांच्याकडे पाठ करून तीनच गोष्टी विचारा. गेल्या बॅचमध्ये प्रवेश किती जणांनी घेतला आणि नोकरी किती जणांना लागली? मधल्या मुलाला हातात किती मिळतात? आणि सर्वांत शेवटच्याला? उत्तरं लेखी मागा. जी संस्था तिथल्या तिथे कागद पुढे करील, तिची फी भरायला हरकत नाही. जी म्हणेल 'उद्या मेल करतो', तिथला मार्केटिंग विभाग अव्वल आहे, हिशेब शिकायला दुसरीकडे जा.