शाल पुरे, कठडा द्या

1 ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस. संयुक्त राष्ट्रांनी 1990 साली तो ठरवला आणि पुढच्या वर्षापासून जग तो पाळू लागलं. आपल्याकडे त्या दिवशी शाली निघतात, श्रीफळं निघतात, प्रमुख पाहुणे तासभर उशिरा येतात. ज्यांचा सत्कार व्हायचा ते केव्हापासून प्लास्टिकच्या खुर्चीवर ताटकळलेले. सभागृह पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद.

ज्यांचे गुडघे गेलेत, ते आलेलेच नसतात.

मुंबई-पुण्याच्या ज्येष्ठांवर पुष्कळ लिहून येतं. जिल्ह्याच्या गावांकडे कोण बघतं? रत्नागिरी घ्या. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका मोजल्या गेल्या. मुली जास्त जन्मतात म्हणून? अजिबात नाही. कर्ते पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला गेले, म्हणून. आता शिकलेल्या मुलीही जातात, पुण्याला, बंगळुरूला, दुबईला. मागे कोण उरतं हे कळायला जनगणना कशाला हवी? दिवेलागणीला कुठल्याही आळीतून एक चक्कर मारा. घर चार खोल्यांचं, दिवा एकाच खोलीत.

गणपतीत घर भरतं. उरलेलं वर्ष?

‘त्यांना कमी काय आहे? पैसे पाठवतो, कामाला बाई ठेवलीय, रोज व्हिडिओ कॉल करतो.’ हे ऐकून ऐकून कान किटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2025 साली अहवाल दिला. जगात वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यूंशी एकटेपणाचा संबंध लागतो, असा त्यातला अंदाज आहे. म्हणजे तासाला शंभर. आपल्या दवाखान्यात रक्तदाब विचारतात, साखर विचारतात, झोप विचारतात. ‘काल कोणाशी बोललात?’ हा प्रश्न कुठल्या केसपेपरवर असतो?

कायदा आहे, चांगला आहे. 2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठांचा कायदा. मुलगा बघत नसेल तर प्रांतांकडे अर्ज करा, महिन्याला 10 हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, हेही त्यात लिहिलेलं आहे. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी, सगळं आलं.

सोबत आली नाही. ती कोणाला हुकूम काढून देता येत नाही, गावालाच द्यावी लागते.

आणि गाव काय करतं? ज्येष्ठ नागरिक संघ काढतं आणि हात झटकतं. संघ ही मोठी गोष्ट आहे, याबद्दल दुमत नको. फेस्कॉमसारखा राज्यभरच्या संघांचा महासंघ उभा आहे आणि हा सगळा डोलारा निवृत्त शिक्षक, पोस्टातली, बँकेतली माणसं पदरमोड करून सांभाळतात. एखाद्या मासिक बैठकीला जाऊन बसा. प्रार्थना होते. गेल्या महिन्यात गेलेल्यांना उभं राहून श्रद्धांजली. बसल्या बसल्या लगेच चालू महिन्याचे वाढदिवस. एकेक गुलाब, टाळ्या. मग चहा, बिनसाखरेचा वेगळ्या थर्मासात.

श्रद्धांजली आणि वाढदिवस यांच्यात पाच मिनिटांचंही अंतर नसतं. एवढ्या खंबीर माणसांना ‘आनंदी कसे राहावे’ यावर व्याख्यान कशाला देता?

व्याख्यानांचा हा सोस आता आवरा. समोर बसलेल्यांत सातबारा नजरेखालून घालताच घोळ सांगणारे निवृत्त तलाठी आहेत. शेकडो बाळंतपणं केलेल्या परिचारिका आहेत. घाटात रात्री-अपरात्री एसटी हाकलेले चालक आहेत. गावाने या सगळ्यांना श्रोते करून टाकलंय. आठवड्यातून एक दुपार त्यांना एक टेबल द्या आणि ‘कागदपत्रांची अडचण असेल तर या’ अशी पाटी लावा. रांग लागेल.

माणसाला करमणुकीइतकीच गरज लागते ती आपली कोणाला गरज असण्याची.

आता बैठकीतल्या खुर्च्या मोजा. जिल्ह्यात बायका जास्त, खुर्च्यांवर पुरुष जास्त. का? वेळ बघा, संध्याकाळी पाच ते सात. देवापुढे दिवा लावायचा, कुकर लावायचा, नातवंड क्लासहून यायचं. आजोबा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. आजीच्या निवृत्तीचा आदेश अजून कोणी काढलेला नाही. तीच बैठक दुपारी तीनला ठेवून बघा. पैसा लागत नाही, कार्यकारिणीत दोन बायका असाव्या लागतात.

बायकांना हळदीकुंकू असतं की, असं कोणी म्हणेल. असतं, पण कोणाला? नवरा जिवंत असेल तिला. वय वाढतं तशा विधवा वाढतात, हे सांगायला तज्ज्ञ नको. म्हणजे जिला चार बायकांत बसण्याची सगळ्यांत जास्त गरज, तिच्याच तोंडावर दार लावायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव एका खेड्याने केला. शहरातल्या सोसायट्या, महिला मंडळं कशाची वाट बघताहेत?

या बाबतीत आपलं भजनी मंडळ कितीतरी पुढारलेलं. तिथे टाळ वाजवणारीला नवऱ्याची चौकशी होत नाही.

आता सरकारकडे वळू. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट, ऑगस्ट 2022 पासून. उत्तम निर्णय, हजारो माणसं त्यामुळे घराबाहेर पडली. पण सवलत देतानाच शहर बससेवा वगळली. आजी रत्नागिरीहून गडचिरोलीला फुकट जाऊ शकते. घरापासून मैत्रिणीच्या आळीपर्यंत शहर बसने जायचं तर तिकीट काढायचं.

आणि रोजचा प्रवास आळीपर्यंतचाच असतो.

2024 साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. पासष्टीपुढच्या गरजूंना एकरकमी 3 हजार रुपये. चष्मा घ्या, श्रवणयंत्र घ्या, काठी घ्या. बरं झालं. पण ती काठी टेकायची कुठे? पदपथावर दुचाक्या, गटारावरची फरशी डुगडुगती, रस्ता दर पावसाळ्यात उखडलेला. कोकणातली गावं आधीच चढउताराची. काठी सरकारने दिली, पाय टेकायला जागा नगर परिषदेने द्यायला नको?

पावसाचं तर विचारूच नका. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मांडवीला, भाट्याला संध्याकाळी गप्पांचे फड बसतात. जूनमध्ये सगळं ओलंचिंब होतं. पार सप्टेंबरपर्यंत बाक रिकामे आणि माणसं खिडकीत. बाक बसवण्याची मात्र सगळ्यांना हौस. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘यांच्या सौजन्याने’. नाव रंगवायला पैसे असतात, वर पत्रा घालायला नसतात. ज्या गावात वर्षातले चार महिने पाऊस कोसळतो, तिथे छपराशिवायचा बाक दान तरी कसा म्हणायचा?

आता ज्या विषयावर भाषणात कोणी बोलत नाही तो विषय. स्वच्छतागृह.

मधुमेह आहे, रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू आहे, प्रोस्टेट त्रास देतंय. अशा माणसाला दोन तासांच्या कार्यक्रमाला बोलावता, तर आधी ती सोय दाखवा. कमोड आहे का? हाताला धरायला दांडा आहे का? कडी आतून लागते का? कितीतरी आज्या बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. उन्हात चक्कर येते, घरचे ओरडतात, ‘सांगितलं होतं ना, जाऊ नको म्हणून!’ पुढच्या वेळी ती जात नाही. संघाच्या हजेरीपटावर एक नाव कमी होतं आणि कारणाच्या रकान्यात लिहितात, ‘तब्येत’.

तब्येत कसली? कडी.

विरंगुळा केंद्रं बांधताय, जरूर बांधा. पण आराखड्यात पहिली रेघ स्वच्छतागृहाची ओढा, कोनशिलेची नंतर. आणि नवं बांधायच्या आधी जुनं बघा. रत्नागिरीत 1828 साली सुरू झालेलं वाचनालय आहे. कोकणात, देशावर बहुतेक जुन्या गावांत नगर वाचनालय आहेच. त्याच्या वृत्तपत्र विभागात सकाळी कोण बसतं? हीच माणसं. कोणी निमंत्रण दिलेलं नाही, बॅनर नाही, पाहुणे नाहीत. अग्रलेखावरून कडाक्याचं भांडण होतं आणि दुसऱ्या दिवशी दोघंही पुन्हा त्याच बाकावर. एखादा दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जातं.

ही खरी सोबत. अशा वाचनालयाचं अनुदान वेळेवर द्या, वर्तमानपत्रांची खोली तळमजल्यावर आणा, दिवे लख्ख लावा. निम्मं केंद्र तिथेच उभं राहील.

मागणी एवढीच आहे. तळमजला, कठडा, छप्पर, स्वच्छतागृह, दुपारची वेळ आणि हाताला काम. यातल्या कशाला परदेशी अभ्यासदौरा लागत नाही. शालींवरचा खर्च एक वर्ष थांबवा आणि त्या पैशात जिन्याला कठडा बसवा. सत्कारमूर्ती तक्रार करणार नाहीत. त्यांच्या कपाटात आधीच शालींची चळत आहे.

वाचकहो, नगर परिषद करील तेव्हा करील. तुम्ही या आठवड्यात एक करा. तुमच्या इमारतीतली, तुमच्या आळीतली एखादी आजी महिन्याभरात भाजी-औषधापलीकडे कशासाठी घराबाहेर पडली का, तिलाच विचारा. ‘नाही’ म्हणाली तर कारण विचारा. पुष्कळदा ते तुमच्या सामाईक जिन्यातच सापडेल. जळालेला बल्ब, निखळलेली पायरी, नसलेला कठडा. सोसायटीच्या पुढच्या सभेत तो विषय पहिला घ्या.