दौंडची मोहीम

ज्या सामन्याच्या निकालाने कोणत्याही तक्त्यात एका गुणाचीही भर पडावयाची नव्हती, ज्याच्या अखेरीस चषक नव्हता, प्रमाणपत्र नव्हते आणि साधे श्रीफळही नव्हते, अशा सामन्यासाठी शिरूरच्या एका महाविद्यालयाचा महिला बास्केटबॉल संघ दौंडला जावयास सिद्ध झाला, तेव्हा त्या प्रस्थानापूर्वी झालेली खलबते एखाद्या तहालाही पुरून उरली असती. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन विभागीय स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. तत्पूर्वी मुलींना परक्या मैदानाची आणि परक्या आरडाओरड्याची सवय व्हावी, हा आमच्या क्रीडासंचालकांचा हेतू शुद्ध होता. परंतु शुद्ध हेतूलाही मंजुरी लागते, मंजुरीला अर्ज लागतो आणि अर्जाला जावक क्रमांक लागतो. प्रवासभत्त्याच्या नमुन्यात ‘प्रवासाचे प्रयोजन’ या रकान्यात ‘सराव’ हा शब्द वाचून कार्यालयीन अधीक्षकांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, “सर, सराव इथं होत नाही का?” अखेर तेथे ‘मैत्रीपूर्ण सामना’ असे लिहिण्यात आले, आणि मैत्रीला हरकत घेण्याचे कलम त्यांना सापडले नाही. मुलींबरोबर अध्यापिका हव्यात म्हणून अर्थशास्त्राच्या मॅडम आणि चेंडूंचे पोते सांभाळावयास कोणी तरी हवे म्हणून मराठीचा अध्यापक, अशी उरलेली नेमणूक झाली.

शिरूरहून मोहिमेवर निघण्याचा शिरस्ता जुना आहे. घोडनदीच्या काठच्या या गावी कंपनी सरकारच्या फौजेची छावणी होती, आणि १८०९ मध्ये येथे वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला लोक सत्पुरुषाचे स्थान मानून नैवेद्य दाखवीत व सुगीचे पहिले धान्य वाहात, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. परक्या अंमलदाराचाही देव करण्याइतके ज्या गावाचे औदार्य, त्याने स्वतःच्या संघाला निरोप देताना मात्र हात राखला. स्थानकावर आम्हांस पोहोचवावयास दोनच माणसे आली होती, एका खेळाडूची आई, डब्यासकट, आणि मागील उधारी वसूल करण्यास आलेला रसवंतीवाला.

१ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी ज्या नगर-पुणे रस्त्याने धावली, त्याच रस्त्याने काही अंतर जाऊन आम्ही न्हावऱ्याकडे वळलो. २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस निम्म्या भाड्यात प्रवास करण्याची सवलत असल्यामुळे वाहकाने आमची मोजदाद करून “बारा पोरी, एक मॅडम, तेरा हाफ” असा पुकारा केला, आणि मग क्रीडासंचालकांकडे व मजकडे खेदाने पाहून, “आन् ही दोन फुल” असे म्हणून आमचा बंदोबस्त केला. मागच्या बाकावर जे हास्य उसळले, ते भीमेचा पूल येईपर्यंत अधूनमधून उसळतच राहिले.

पूल ओलांडला की दौंड तालुका आणि उसाचे राज्य सुरू होते. पारगाव-केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे इतकी, की खिडकीतून येणारा वारादेखील चिकट लागतो. पुढे दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे आम्ही, आणि आमच्या मागे साऱ्या तालुक्याची वाहने, असा तो लवाजमा सावकाश चालला असता मॅडमनी मुलींना केडगावची महती सांगण्यास आरंभ केला. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन येथलेच. बाई अमेरिकेचा दौरा करून परतल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातील बॉस्टन शहरी त्यांच्या कार्याला साह्य करणारी संस्था उभी राहिली, त्याच प्रांतातील स्प्रिंगफील्ड गावी १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीचच्या टोपल्या सज्जाला ठोकून हा खेळ काढला, आणि पुढल्याच वर्षी शेजारच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकविला. दोन-तीन वर्षांचा फरक पडला नसता, तर बास्केटबॉलचा पहिला मराठी वृत्तांत केडगावकरांच्या नावे रुजू झाला असता, असे माझे मत आहे. मुलींचे मत असे पडले की केडगावला गाडी थांबली तर गूळ घ्यावा.

चौफुल्याला गाडी बदलावयाची होती. या ठिकाणाची ख्याती संगीतबारीच्या कलाकेंद्रांमुळे सर्वदूर पसरलेली असल्याने क्रीडासंचालकांनी संघाला रस्त्याकडे पाठ करून उभे केले, आणि पाय मोकळे करण्याच्या मिषाने व्यायाम सुरू केला. तेवढ्यात कर्णधार, जी न्हावऱ्याकडल्या एका बागाईतदाराची कन्या असून बोलण्यात भीड ठेवीत नसे, म्हणाली, “सर, त्या बायांचं फुटवर्क आपल्यापेक्षा भारी असतंय. एक पाय जागचा हलत नाही, अन् गिरकी पुरी.” पिव्हटचा नियम याहून स्पष्टपणे मी कोठेही वाचलेला नाही, परंतु संचालकांनी त्याची दखल घेतली नाही.

दौंड हे जंक्शन आहे, आणि ही गोष्ट दौंड कोणाला विसरू देत नाही. पुण्याहून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन येथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडण्याचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अलीकडे कॉर्ड लाइनमुळे काही गाड्यांची त्यातून सुटका झाली, तरी येथवर तोंड पुढे करून आलेला उतारू येथून पाठमोरा नगरकडे जातो, हा अनुभव जुन्या माणसांच्या अंगवळणी पडलेला आहे. बास्केटबॉलमध्येही मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. हा बदल डोक्यात उतरण्यास दौंडच्या इंजिनाइतकाच वेळ लागतो, याचा प्रत्यय लवकरच यावयाचा होता.

मैदान सिमेंटचे होते. त्यावर बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि खो-खो या तिन्ही खेळांच्या रेषा एकमेकींच्या हद्दीत अतिक्रमण करून राहिल्या होत्या. पाहुण्यांच्या सन्मानार्थ जाळ्या नव्या कोऱ्या लावल्या होत्या, आणि त्या इतक्या ताठ होत्या की पहिलाच चेंडू कड्यातून आत शिरला आणि तेथेच बसला. शिडी मागविण्यात आली. दहा फूट उंचीवर चढून शिपायाने चेंडू खाली ढकलला, खाली उतरला, शिडी भिंतीला लावली, आणि दुसरा चेंडू अडकला. नेस्मिथच्या टोपल्यांना प्रारंभी बूड असल्याने चेंडू वर चढून काढावा लागे, ही हकिकत मी पुस्तकात वाचली होती. ती दौंडला डोळ्यांनी पाहावयास मिळेल असे वाटले नव्हते.

तिसऱ्या डावापर्यंत सामना चुरशीचा झाला. मग आमची एक चपळ मुलगी चेंडू घेऊन अशी सुटली की तिला कोणी अडविले नाही, याचे आम्हांस प्रथम कौतुक आणि नंतर आश्चर्य वाटले. कारण मध्यंतर झाल्याचे विसरून ती स्वतःच्याच बास्केटकडे धावत होती. चेंडू सुरेख पडला.

येथून खरा सामना सुरू झाला. नियम असा आहे की स्वतःच्या बास्केटमध्ये चेंडू चुकून टाकल्यास ते दोन गुण प्रतिपक्षाच्या कर्णधाराच्या नावे मांडावेत; पण मुद्दाम टाकल्यास तो नियमभंग होय आणि गुण मुळीच नाहीत. साहजिकच आमचे संचालक आपली मुलगी लबाड आहे हे सिद्ध करण्याच्या मागे लागले, आणि दौंडचे संचालक तिच्या सालस स्वभावाची ग्वाही देऊ लागले.

“अहो, हुशार पोरगी आहे. तिनं मुद्दामच केलं.”

“छे, छे, सर! चेहऱ्यावरूनच किती भोळी दिसते.”

दस्तुरखुद्द आरोपीस विचारले असता ती म्हणाली, “सर, मोकळी बास्केट दिसली, टाकली.” हा कबुलीजबाब दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने पुराव्यात घेतला. सामना संपला तेव्हा ते दोन गुण धरले तर दौंडची सरशी होत होती, आणि वगळले तर बरोबरी. बास्केटबॉलला बरोबरी मान्य नाही. दोघे संचालक नियमपुस्तिका, चहा आणि गुणलेखक असलेले लेखापाल यांना घेऊन आत गेले.

नेस्मिथच्या मूळ तेरा नियमांपैकी अखेरचा असे सांगतो की बरोबरी झाल्यास उभय कर्णधारांच्या संमतीने पुढील गोल होईपर्यंत खेळ चालू ठेवावा. हा नियम त्या दोघी मुलींना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण लेखणी आणि पंच दोन्ही नाहीसे झालेले पाहून त्यांनी एकमेकींकडे पाहिले, आमच्या पोत्यातला चेंडू घेतला आणि खेळ सुरू केला. थोड्याच वेळात शिरूरच्या कर्णधाराने, चौफुल्याला वर्णिलेली गिरकी जशीच्या तशी घेऊन, चेंडू फेकला. तो आत शिरला आणि तेथेच बसला. शिपाई शिडीच्या खोलीला कुलूप लावून घरी गेला होता, आणि आमच्या गाडीची वेळ झाली होती.

संचालकांनी संमतीने केलेल्या अहवालात ‘सामना खेळीमेळीत पार पडला’ एवढेच होते; त्यावर प्राचार्यांनी ‘पाहिले, दप्तरी दाखल’ असा शेरा मारला. मात्र महिनाअखेरच्या मोजणीत अधीक्षकांनी साहित्य-नोंदवहीत लाल शाईने लिहिले: ‘बास्केटबॉल, सहा नंबर, नग १, दौंडकडून येणे.’