अतिथी देवो भव : घरचं नेटवर्क सताड उघडं ठेवण्याची नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पूर्वतयारी. ही मार्गदर्शिका वापरायला संगणकाचं ज्ञान लागत नाही. नसलं तर उत्तमच. एक राउटर लागतो. तो शक्यतो टीव्हीच्या मागे धूळ खात असावा, नेटवाल्याच्या पोराने तीन-चार वर्षांपूर्वी घाईत खिळा मारून टांगलेला असावा आणि त्यानंतर त्याला आपला हात फक्त ‘बंद करून परत चालू’ करण्यापुरताच लागलेला असावा. शिवाय स्मार्ट टीव्ही, माणशी एक-दीड मोबाइल, दारावरचा कॅमेरा आणि सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला वायफायवर पेटणारा बल्ब. एवढं जमलं की सुरुवात करता येईल.

आधी थोडी थिअरी. ती टाळून थेट प्रॅक्टिकलला बसायची आपली जुनी खोड आहे, पण इथे थिअरी कळल्याशिवाय आपण नेमकं काय उघडं टाकतोय याचा आनंद मिळत नाही.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४मध्ये, असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. तेव्हा ते सात पिढ्यांना पुरतील असं वाटलं. एकच पिढी पुरले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे पाच विभागीय नोंदणी संस्थांना वाटले आणि कोठार झाडून रिकामं झालं. त्याच वर्षी, आधीच दिवाळं निघालेल्या नॉर्टेल या कॅनडाच्या कंपनीने आपल्याकडचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टला ७५ लाख डॉलरना विकले. रिकाम्या प्लॉटला जो भाव येतो तो आता निव्वळ आकड्यांना येऊ लागला होता.

टंचाईची चाहूल अर्थात आधीच लागली होती, आणि १९९४ साली त्यावर ‘नॅट’ नावाचा तोडगा निघाला. हाउसिंग सोसायटीसारखाच प्रकार. टपालाच्या दृष्टीने पत्ता एकच, आत बिऱ्हाडं पन्नास. कोणत्या फ्लॅटने काय मागवलंय ते गेटवरचा वॉचमन वहीत लिहून ठेवतो. पार्सल आलं की वही बघून वर पाठवतो. कुणीच न मागवलेलं गेटवरूनच परत. हे काम तुमचा राउटर करतो. घरातल्या वस्तूंना १९२.१६८ने सुरू होणारे घरगुती पत्ते देतो आणि बाहेर सगळ्यांच्या वतीने एकच पत्ता दाखवतो. गंमत अशी, की हा वॉचमन चोरांसाठी नेमलेलाच नव्हता. नेमला होता पत्त्यांची काटकसर करायला. तरी त्याच्या त्या वहीमुळे वीसेक वर्षं आपले बिनकुलपाचे टीव्ही, प्रिंटर आणि कॅमेरे बचावले, आणि आपण समजत राहिलो की आपलं नेटवर्क सुरक्षित आहे.

आता आलं आयपीव्ही६. मसुदा डिसेंबर १९९८चा, पत्त्यांची संख्या ३४वर ३७ शून्यं. टंचाई कायमची मिटली. तुमच्या बल्बलाही जगात दुसऱ्या कुणाचा नाही असा स्वतःचा पत्ता मिळू शकतो. आणि भारत यात मागे नाही, चक्क जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. २०१६मध्ये जिओ आलं ते आयपीव्ही६ घेऊनच. बाकीच्यांनाही मग हलावं लागलं. तुमच्या मोबाइलवर या क्षणी बहुधा २ने सुरू होणारा, मध्ये अपूर्णविराम पेरलेला लांबलचक पत्ता असेल. कस्टमर केअरला तो फोनवर सांगून बघा. ‘डी फॉर दिल्ली, बी फॉर बॉम्बे’ करता करता कॉल कट होतो.

वहीवाला वॉचमन या नव्या व्यवस्थेत लागत नाही. म्हणून दारावर कुणीतरी मुद्दाम बसवावा लागतो. त्याला फायरवॉल म्हणतात. आतून मागवल्याशिवाय बाहेरचं काही आत सोडू नये, असं घरगुती राउटरसाठीच्या तांत्रिक शिफारशीत २०११पासून लिहिलेलं आहे. किती राउटर ते पाळतात? पुष्कळ पाळतात. तुमचा पाळतो का, हे मात्र चुकूनही बघायचं नाही. ही आपली पहिली पायरी.

पण बघण्याचा मोह आवरला नाही तर काय दिसेल ते सांगून ठेवतो, म्हणजे घाबरायला होणार नाही. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. तो राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. एक निळसर, कळाहीन पान उघडतं. नाव विचारलं की अ‍ॅडमिन, पासवर्ड विचारला की अ‍ॅडमिन. उघडलं? मग घर आमच्या शिफारशीप्रमाणेच आहे. डावीकडच्या यादीत ‘सिक्युरिटी’खाली फायरवॉल सापडते. तिथे आयपीव्ही४साठी एक खूण आणि आयपीव्ही६साठी वेगळी खूण असू शकते. पहिली केलेली, दुसरी रिकामी, हे दृश्य आम्हाला विशेष प्रिय आहे. त्याच पानावर घड्याळही असतं. ते कित्येकदा १ जानेवारी १९७० दाखवत असतं, कारण त्याला वेळ कुणी सांगितलेलीच नसते. ते तसंच राहू द्यावं. पुढे कधी कोण कधी आत शिरलं ते शोधायची वेळ आलीच, तर सगळे चोर १९७० सालचे निघतील.

पायरी दुसरी, पासवर्ड. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या या पानाचा पासवर्ड वेगळा, हे ज्ञान नवशिक्याने स्वतःपासून लपवून ठेवावं. वायफायचा पासवर्ड म्हणून आपला मोबाइल नंबर किंवा आडनावापुढे १२३ ठेवण्याची रीत आहे. ती मोडू नये. राउटरवर डब्ल्यूपीएस नावाचं बटण असतं, तेही चालूच असावं. त्याच्या आठ आकडी कोडचे दहा कोटी पर्याय व्हायला हवेत, पण राउटर तो कोड दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे ११ हजार प्रयत्नांत काम भागतं. हे २०११च्या डिसेंबरात जगजाहीर झालं. बटणं अजून आहेत.

पायरी तिसरी : कॅमेरा. घराच्या रक्षणासाठी आणलेली वस्तूच घर उघडं टाकते, यापरता काव्यगत न्याय नाही. २०१६ साली मिराई नावाच्या एका प्रोग्रामने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन जगभरच्या कॅमेऱ्यांची आणि डीव्हीआरची दारं वाजवली. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता, त्यामुळे लाखो दारं उघडली. २१ ऑक्टोबरला याच यंत्रांच्या झुंडीने अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास आडव्या केल्या. मूळ प्रोग्राम लिहिणारी मंडळी कोण? माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमच्या धंद्यातली कॉलेजच्या वयाची पोरं.

इथे एखादा चौकस वाचक म्हणेल, आयपीव्ही६मध्ये एवढे पत्ते आहेत, तर माझा बल्ब कुणाला सापडणार? शंका रास्त आहे. जुन्या पद्धतीतलं अख्खं इंटरनेट एका यंत्रावरून पाऊण तासात चाळता येतं, हे मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं. नव्या पद्धतीत एकट्या तुमच्या घराच्या वाट्याला आलेले पत्ते सेकंदाला दहा लाख या वेगाने चाळायला पाच लाखांहून जास्त वर्षं लागतील. पण चोर एवढा थांबत नाही. तुम्ही उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळाला तुमचा पत्ता कळतोच. मोबाइल निदान आपला पत्ता अधूनमधून बदलत राहतात. स्वस्तातला कॅमेरा मात्र कित्येकदा आपल्या कारखान्याच्या क्रमांकावरूनच पत्ता बनवतो आणि आयुष्यभर तोच मिरवतो.

ऑफिससाठी वेगळी पुस्तिका काढायची गरज नाही. तिथे महागडी फायरवॉल आधीच घेतलेली असते, आणि तिच्यातले सगळे नियम आयपीव्ही४चे असतात. ‘आपल्याकडे आयपीव्ही६ नाहीच’ असं आयटीवाले साहेब ठामपणे सांगतात. २००७च्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये ते जन्मतः चालू आहे हा तपशील त्यांच्यापर्यंत पोहोचू देऊ नये. त्यामुळे ऑफिसातलं कुठलंही एक यंत्र ‘मीच राउटर’ अशी दवंडी पिटू शकतं आणि बाकीची मुकाट्याने त्याच्यामागे जातात. ही यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क स्विचमध्ये हे रोखायची सोय असते. पेटीतून काढताना असते तशीच ती बंद ठेवावी. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजमधली अशी चूक उजेडात आली की खास बनवलेली आयपीव्ही६ची पाकिटं पाठवूनच यंत्राचा ताबा घेता येत होता. इलाज त्या महिन्याच्या अपडेटमध्ये होता. म्हणून अपडेट ‘उद्या’वर ढकलत राहायचं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे तज्ज्ञ सांगतात तो रामबाण उपाय : आयपीव्ही६ बंदच करून टाका. हा मला मनापासून आवडतो, कारण त्यात काम केल्याचं समाधान आहे आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड जिथल्या तिथे राहतो. स्वतः मायक्रोसॉफ्ट असं करू नका म्हणून सांगते, पण मायक्रोसॉफ्टला काय कळतंय!

शेवटची पायरी कायद्याची. तिचा दाखला घरचाच आहे. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीची मेल निघाली. पोलीस आयपी पत्त्याचा माग काढत पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. मेल त्यांनी पाठवली नव्हती. त्यांचं वायफाय उघडं होतं. पुढच्या दोन महिन्यांत हाच प्रकार माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरमधल्या एका ऑफिसच्या वायफायवरून झाला. तेव्हा पत्ता आयपीव्ही४चा होता. आज आयपीव्ही४चा एकेक पत्ता कंपन्या कित्येक ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे माग काढताना वेळ आणि पोर्ट जुळवत बसावं लागतं. आयपीव्ही६चा माग थेट तुमच्या कनेक्शनवर येतो. पाहुण्याने तुमच्या घरातून काय केलं याची पहिली चौकशी यजमानाकडेच होणार. ऑफिस असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं आणि १८० दिवसांच्या नोंदी दाखवाव्या लागतात. १ जानेवारी १९७०च्या नोंदी त्यात धरतात की नाही, ते त्यांनाच विचारावं.

हे आतिथ्य ज्यांना परवडत नाही त्यांनी त्या निळसर पानावर जाऊन दोन्ही पासवर्ड बदलावेत, आयपीव्ही६च्या फायरवॉलवर खूण करावी, डब्ल्यूपीएस बंद करावं, कॅमेरा आणि बल्ब ‘गेस्ट’ नेटवर्कवर टाकावेत आणि राउटरचं अपडेट आलंय का ते बघावं. चहा गार व्हायच्या आत होतं. बाकीच्यांसाठी एक फोन नंबर : १९३०. सायबर आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी केंद्र सरकारने तो ठेवलेला आहे. राउटरवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असेल, तिच्या शेजारीच लिहून ठेवा.